आबांची करंगळी

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला कधी वाटले नाही. म्हणून आधी क्षमा मागते आणि मगच पुढे जाते. उभे आयुष्य मी शाळेत मराठी शिकवली, दुसऱ्यांच्या मुलांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या, आणि स्वतःविषयी एक ओळ लिहायची वेळ आली की लेखणी खाली ठेवून भाजी निवडायला बसले. ज्यांच्या आयुष्यात काही मोठे घडले, त्यांनी आठवणी लिहाव्यात. माझ्या आयुष्यात एका पाण्यावर एक हिवाळा गेला, एवढेच. निवृत्तीनंतर माझ्या भाच्याने, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मुलाने, एक जाड वही आणून दिली आणि म्हणाला, "मावशी, आजोबांचं काहीतरी लिही. मला त्यांचा फक्त हात आठवतो." त्या वाक्यामुळे दोन वर्षे वही कपाटात राहिली, आणि त्याच वाक्यामुळे आज ती उघडली आहे. जे उणे राहील, ते वाचकाने पोटात घालावे.

आमची वस्ती धरणाच्या काठाला, उतारावर होती. बीडला जायचे तर आधी मांजरसुंब्यापर्यंत जीपने आणि तिथून एसटीने, असा आमचा जगाशी संबंध. माझे आजोबा, म्हणजे आबांचे वडील, नदीत जाळे टाकत. पुढे नदी अडली आणि तिचे एवढे मोठे पाणी झाले की थंडीच्या सकाळी पलीकडचा काठ दिसत नसे. बाकीचे मासेमार जाळी लावत. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते मात्र ओढीचा गळ चालवत. म्हणजे चालत्या होडीच्या मागे साठ-सत्तर हात तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, सोडायचा, त्याच्या टोकाला गळ आणि गळाच्या वर पितळेचा एक चकाकता तुकडा. होडी चालली की तो तुकडा पाण्यात घायाळ मासळीसारखा लटपटत जाई, आणि मोठा शिकारी मासा फसे. आबांचा तो तुकडा मायच्या मोडक्या पितळी पळीचा होता. उखळाच्या काठावर ठेवून, हातोडीने ठोकून ठोकून त्यांनी त्याला चाफ्याच्या पाकळीसारखी वाकण आणली होती. माय त्यावरून त्यांना वर्षानुवर्षे टोमणे मारी. "माझी पळी पाण्यात बुडवून बसलाव," ती म्हणे, "आता वाढू कशानं, वल्ह्यानं?"

पावसाळा हा माशांचा विणीचा काळ, तेव्हा गळ वळचणीला टांगलेला असे. त्यानंतरही घाई नसे. डोंगरांची लाल माती उतरून पाणी गढूळ झालेले असे, आणि गढूळ पाण्यात पितळ चमकत नाही. दिवाळी सरली की आबा रोज सकाळी एक स्टीलची ताटली सुतळीला बांधून होडीवरून खाली सोडत. ती एक हात खोल दिसली, दीड हात दिसली, असे येऊन सांगत, जणू घरात कोणी आजारी आहे आणि त्याचा ताप उतरतो आहे. ताटली तीन हात खोल दिसली की त्या वर्षाचा हंगाम उघडला. त्या दिवशी माय येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ, घालून मसाला वाटून ठेवी, मासा येण्याच्या आधीच, आणि आबा म्हणत, "आगं, त्याला कळू दे तरी, आपन त्याला खानार हाय ते!"

मी त्या वर्षी नववीत होते. अक्का, माझी थोरली बहीण, तोवर आबांच्या होडीचे वल्हे मारी. पण तिचे नेकनूरच्या एका शेतकरी घरात जमले होते, माघात लग्न होते, आणि मुलीचा रंग उन्हाने रापू नये म्हणून मायने तिला पाण्यावर जायला बंदी केली. अशा रीतीने वल्हे माझ्याकडे आले. मी फार बुजरी होते. वर्गात उत्तर येत असूनही माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पाहुणे आले की मी गोठ्यात जाऊन बसत असे. होडीत मात्र कोणाशी बोलावे लागत नव्हते. होडी पत्र्याची होती, पहाटेच्या गारठ्यात तिच्यावर टेकलेले पाय सुन्न होत. आबा माझ्याकडे तोंड करून मागच्या टोकाला बसत आणि तंगूस डाव्या मुठीतून मागे जात असे. वल्ह्याची गती हीच त्या कामातली खरी विद्या. होडी सावकाश गेली तर पितळ तळाला बसते, वेगाने गेली तर वर उडते. आबा म्हणाले, "माय जातं वढती बघ, तसं. वढ, अन् मग जरा सोड." जात्याची ती चाल माझ्या अंगात लहानपणापासून होतीच. मायच्या मांडीवर डोके ठेवून मी तिच्या दळणाच्या हेलकाव्यात झोपलेली होते. दुसऱ्या दिवशीच आबा म्हणाले, "अक्कापरीस चांगलं जमतंय तुला, कुशे." माझे नाव कुसुम. मला कोणापेक्षा काही चांगले जमते, असे तोवर कोणी म्हटले नव्हते.

आबांची म्हणून एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. इतर लोक तंगूस तर्जनीवर धरतात. आबा तो करंगळीवर घेत. करंगळीला घरात काही काम नसते, ती कुदळ धरत नाही, वल्हे धरत नाही, म्हणून तिची कातडी कोवळी राहते आणि माशाचे पहिले बोलणे तिलाच ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे होते. मासा पहिल्यांदा गळ नुसता हुंगतो, मग शेपटीने ढकलतो आणि मग घेतो. ते हुंगणे आबांच्या करंगळीला कळे. ते डोळे मिटत, मान किंचित कलती करत, आणि "आला," असे इतक्या हळू म्हणत की मला ते ओठांवरून समजे. गावात त्यांच्या त्या करंगळीची चेष्टाही होई आणि कौतुकही.

हंगामाच्या तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी पाहिले, तंगूस थरथरला. पाण्यात शिरत होता तिथे एक बारीकशी रेघ उमटली, विरली, पुन्हा उमटली. आबा समोर बघत होते, डोळे उघडे होते. मी म्हटले, "आबा, हालली की दोरी!" त्यांनी दचकून ओढले, तोवर मासा गेलेला होता. त्यांनी मुठीकडे पाहिले, हात मांडीवर चोळला आणि म्हणाले, "गारठा लई हाय. बोटं मेलीत पार." माझीही बोटे मेलेली होती. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. न ठेवण्याजोगे त्यात काय होते? पाणी इतके गार होते की वल्ह्यावरून उडालेला थेंब मनगटावर पडला तर डंख मारल्यासारखे वाटे. घरी आल्यावर मी चुलीपुढे बसले, बोटांत मुंग्या आल्या, मग दुखली, मग माझी झाली. आबांनी चहाचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तापलेला पेला उघड्या हाताने घेतला. आम्ही बाकीचे सगळे तो पदराने किंवा फडक्याने धरत असू. ते तसाच धरून पीत राहिले. अक्का म्हणाली, "आबांचा हात लोखंडाचा हाय." आम्ही हसलो. माय हसली नाही, पण ती भाकरी थापत होती, आणि भाकरी थापताना ती तशीही हसत नसे.

मासे घ्यायला गफूरचाचा येत. बर्फाच्या पेट्या घातलेली त्यांची जीप काठावर उभी राही आणि आमचे मासे मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर जात. गफूरचाचा आबांचे बालमित्र. दोघे मिळून नदीत पोहायला शिकलेले. त्या आठवड्यात आबांनी तीन वेळा मासा घालवला. गफूरचाचा रिकाम्या होडीत वाकून बघत म्हणाले, "क्या किसनभाई, आज बी पाणीच आणलं का? मी काय ढाब्यावर पाणी इकू?" आबा म्हणाले, "पोरगी नवी हाय वल्ह्यावर. शिकंल." मी मान खाली घातली. दोष माझ्यावर आला याचे मला वाईट वाटले नाही, मला फक्त आश्चर्य वाटले. कारण त्याच सकाळी त्यांनी माझ्या वल्ह्याची तारीफ केली होती.

त्यानंतरच्या सोमवारी आमच्या शाळेत तपासणीचे साहेब आले. सरकारी दवाखान्यातून आलेला तो एक बारीकसा, घामेजलेला माणूस होता, हातात मोराचे पीस. त्याने मुलांना रांगेत उभे करून पाठी, कोपर, गाल पाहिले. एखाद्याच्या अंगावर फिकट डाग दिसला की तो त्याला डोळे मिटायला सांगे आणि पिसाने स्पर्श करून विचारी, "कळलं का?" मुले खिदळत. त्याने फळ्यावर हात काढला आणि समजावले की या रोगाला गावात रगतपिती म्हणतात, महारोग म्हणतात, तोंडे फिरवतात. पण हा कोणाच्या पापाने होत नाही, जंतूने होतो, आणि गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मात्र लवकर आले पाहिजे. उशीर झाला तर रोग जातो, पण वाकलेली बोटे उघडत नाहीत. मग त्याने खडूने फळ्यावरच्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पांढरे केले. "बहुतेकदा इथून सुरू होतं," तो म्हणाला, "माणसाला वाटतं, थंडीनं बधिर झालंय." मी खाली बघत बसले. माझ्या वहीच्या समासात मी तो हात काढला होता. ती वही मी पुढे चुलीत घातली.

आणि त्याच आठवड्यात तो मासा लागला. सूर्य नुकता वर आला होता, पाण्यावरून वाफ उठत होती, उत्तरेकडून आलेली बदके लांबवर काळ्या ठिपक्यांसारखी डुलत होती. मी जात्याच्या चालीने वल्हे मारत होते. तंगूस एकदम ताठ झाला, सूं असा आवाज करीत आबांच्या मुठीतून पळू लागला, आणि होडीचे मागचे टोक पाण्याकडे झुकले. तो शिवडा होता, अंगावर खवले नसलेला, लांब मिशांचा, दुसऱ्या माशांवर जगणारा. माझ्या कमरेइतक्या उंचीचा असेल. आबा आनंदाने ओरडत होते, "थांबव, कुशे! आता सोड! वढ, वढ!" मी सांगतील तसे करीत होते. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी त्याला आत ओढला, तो पत्र्यावर धपधप आपटू लागला, आणि आबा दोन्ही हात वर करून हसले. "बघ, बघ केवढा हाय! गफूरला म्हनावं, इक आता पानी!"

होडीच्या तळाला रक्त होते. माझे लक्ष माशाच्या तोंडाकडे गेले. गळ ओठाच्या कडेला अडकला होता, तिथे जेमतेम दोन थेंब. आबांच्या डाव्या हाताच्या करंगळीवरून आणि शेजारच्या बोटावरून तंगूस विळ्यासारखा फिरला होता. कातडी दुभंगून आतले पांढरे दिसत होते. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते, आणि आबा हसत होते. मी म्हटले, "आबा, हात." त्यांना वाटले मी माशाविषयी बोलते आहे. मी पुन्हा म्हटले, "तुमचा हात, आबा. दुखत न्हाई का?"

त्यांनी पाहिले. मग फार सावकाश, एखादी परकी वस्तू उचलावी तसा, उजव्या हाताने डावा हात उचलला आणि पाण्यात बुडवला. पाण्यात लाल धूर पसरला. "गारठा हाय," ते म्हणाले. ऊन माझ्या पाठीला लागत होते, माझ्या बोटांत केव्हाच जीव आला होता, आणि हे त्यांनाही दिसत होते.

"साळंत ते पिसवाले आलते," मी म्हटले. आवाज मलाच ऐकू आला नाही इतका लहान होता.

"ठाव हाय मला," आबा म्हणाले. "वस्तीत बी आलते. मी रानात गेलतो." मग थोड्या वेळाने, माशाकडे बघत, "अक्काचं लगीन होऊ दे. माघ किती लांब हाय? तवर घरात बोलू नको. तिच्या सासरी कळलं तर पोरीचा जलम जाईल. मी म्होरं सोता जातो दवाखान्यात. सांगशील का कुनाला?"

मी नाही अशी मान हलवली. आबांनी माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते.

मायला सांगितले, गळ लागला. मायने हळद दाबून चिंधी बांधली, आणि बांधताना त्या बोटाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असे आता वाटते. तेव्हा वाटले नव्हते. त्या दिवशीचे कालवण मला चवीसकट आठवते. चिंचेच्या कोळाचे, येसराचे, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा. अक्का बोटे चाटत होती. आबा उजव्या हाताने जेवत होते, डावा मांडीखाली घेतला होता. मी काटे बाजूला काढत राहिले. माझ्या ताटात माशापेक्षा काटेच जास्त आहेत, असे म्हणून अक्काने माझी चेष्टा केली.

यानंतर जे झाले, ते लिहिण्यासाठीच मी एवढे सगळे लिहिले. मी आबांची करंगळी झाले. ठरवून नव्हे, आपोआप. वल्हे मारताना मी तंगूसावरून नजर काढत नसे. पाण्यात शिरतो तिथे रेघ उमटली की मी वल्ह्याचा एक झोका चुकवी, आणि त्या चुकलेल्या झोक्याने आबांना कळे. पुढे पुढे तर मासा हुंगतो तेव्हाची रेघ वेगळी आणि ढकलतो तेव्हाची वेगळी, हेही मला ओळखू येऊ लागले. एकही मासा सुटेना. आबा बोटांना कापड गुंडाळून बसत. बघणाऱ्याला वाटे थंडीसाठी आहे. गफूरचाचा पेट्या भरता भरता म्हणत, "वा रे करंगळी! बुढी झाली तरी मरत न्हाई!" आबा माझ्याकडे चोरून बघत आणि आम्ही दोघे हसत असू. आमच्या दोघांत एक गुपित होते, आणि ते आम्हाला फार जवळ घेऊन आले होते. खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. हे वाक्य लिहून मी पंधरा दिवस थांबले होते. खोडावे असे वाटले, पण खोडले तर वही बंदच करावी लागेल.

माघात अक्काचे लग्न झाले. आबांनी डाव्या हातात उपरणे धरून अक्षता टाकल्या. वऱ्हाड नेकनूरला गेले, मांडव उतरला, घर एकदम मोठे आणि रिकामे झाले. मी वाट पाहू लागले, आज आबा दवाखान्यात जाण्याचे काढतील, उद्या काढतील. ते काढीनात. मी विचारीना. सकाळी ते ताटली बुडवून म्हणत, "चार हात दिसती, कुशे, चल," आणि मी वल्हे उचलत असे.

फाल्गुनात पिसवाले साहेब पुन्हा शाळेत आले. या वेळी तपासणी नव्हती. ते वर्गापुढे उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरात, शेजारी, कोणाला बधिर चट्टा असेल, कोणाचं बोट मरत असेल, तर हात वर करा. नाव मी इथं विचारणार नाही. नंतर एकट्यानं मला भेटा. घरी मी गुपचूप येईन." वर्गात सत्तावन्न मुले होती. कोणी हात वर केला नाही. ते थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, खिडकीबाहेर पाहिले, पुन्हा आमच्याकडे पाहिले. मला वाटते, ते बराच वेळ थांबले. माझे दोन्ही हात बाकाखाली होते आणि उजवा हात डाव्याने घट्ट धरलेला होता.

मी आबांना वचन दिले होते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. पण वचनाची मुदत माघापर्यंत होती आणि हा फाल्गुन होता. मी बुजरी होते, सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहील याची मला भीती वाटली, हेही मी सांगितले, आणि ते खरेच होते. पण त्याच्याही खाली एक गोष्ट होती, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. आबा बरे झाले, त्यांच्या करंगळीत पुन्हा जीव आला, तर माझे त्या होडीत काय काम उरणार होते? एवढे स्पष्ट मी तेव्हा मनात म्हटले नसेल. परंतु मला ती होडी सोडायची नव्हती. साहेब गेले. दाराशी त्यांची चप्पल एका खिळ्याला अडकली, मुले हसली, आणि मीही त्यांच्याबरोबर हसले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, ताटली पुन्हा तीन हात दिसू लागली. हंगामाच्या पहिल्या सकाळी आबा काठावर बसून गळ बांधत होते. तंगूसाची गाठ त्यांना मारता येईना. डाव्या हाताची दोन बोटे आत वळली होती, पक्ष्याच्या पायासारखी. त्यांनी तंगूसाचे टोक दातांत धरले, ओढले, गाठ सुटली. पुन्हा धरले. मी पुढे होऊन म्हटले, "द्या, मी बांधते," इतक्यात जीपमधून गफूरचाचा उतरले. ते हसत येत होते, जवळ आले आणि हसू थांबले.

"किसनभाई, हाथ दाखव."

"गळ लागलाता मागं," आबा म्हणाले.

"मी काय आंधळा हाय बे? दाखव म्हणतो ना." त्यांनी आबांचा हात ओढून घेतला, बोटे उघडून पाहिली, ती उघडली नाहीत. मग हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "चल. बस गाडीत." आबा काहीतरी पुटपुटले, मासे, बर्फ, उशीर. गफूरचाचा म्हणाले, "बर्फ गेला वितळून. तू बस." आणि आबा लहान मुलासारखे उठून गाडीत बसले. जे मला एका वर्षात जमले नाही, ते गफूरचाचांनी काठावर उभ्या उभ्या केले. दोन माणसांनी इतके दिवस जिवापाड जपलेली भीती त्यांना ठाऊकच नव्हती.

बीडच्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, फुकट, दर महिन्याची पाने. आबांनी एकही गोळी चुकवली नाही. रोग पूर्ण गेला. डॉक्टरांनी बोटे हलवून पाहिली आणि म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर." एवढेच म्हणाले, रागाने नव्हे. मी दाराशी उभी होते. नेकनूरला कळले तेव्हा अक्काच्या सासूबाई स्वतः येऊन गेल्या, मायजवळ बसल्या, चहा घेतला आणि विचारले, "औषिद चालू हाय ना? मग झालं तर." जाताना आबांना म्हणाल्या, "यवढं कावून लपिवलं, इवाई? आमी काय वाघ हाव का?" आबा जमिनीकडे बघून हसले. सगळीच घरे तशी नसतात, हे मला माहीत आहे. नोकरीच्या काळात मी दुसऱ्या प्रकारचीही पाहिली. पण ज्या घराला आम्ही भ्यालो, ते घर असे निघाले.

माय गेली त्याच्या आदल्या वर्षी मी धीर करून तिला त्या होडीतले सगळे सांगितले. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मला काय दिसत न्हवतं का? हातात ऊन ऊन पेला धरायचा अन् कळायचं न्हाई. मी त्यांचा च्या आधी ताटलीत गार करून द्यायला लागले." मी विचारले, "मग बोलली का न्हाईस, माय?" ती म्हणाली, "तू लहान हुतीस. तुला कळूने म्हनून." आम्ही दोघी बराच वेळ वाटाणे सोलत बसलो. मी मायपासून लपवत होते, माय माझ्यापासून, आबा सगळ्यांपासून. आणि त्या एवढ्याशा घरात तो हात आम्हा सर्वांच्या मध्ये रोज जेवायला बसत होता.

आबांनी त्यानंतर गळ धरला नाही. काही दिवस तंगूस ओठांत धरून पाहिला. ओठांना कळते, म्हणाले. पण वाऱ्याने डोळ्यांत पाणी येई. होडी गफूरचाचांच्या मुलाने नेली. पितळेचा तुकडा मायने परत मागितला नाही. तो आज माझ्या देवघरात आहे. आबा पुढे दहा वर्षे जगले, शेळ्या राखल्या, नातवाला खांद्यावर घेऊन फिरले, आणि मला एकदाही काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते. अखेरच्या आजारात एकदा मी त्यांच्या उशाशी बसले होते, तो वाकलेला हात माझ्या हातात होता. त्यांनी डोळे मिटून, मान किंचित कलती करून म्हटले, "कुशे, त्या साली तू वल्हं लई झाक मारलंस. एक मासा गेला न्हाई आपला."

शिक्षिका म्हणून मी इतकी वर्षे काढली, पण वर्गात कधी "हात वर करा" असे म्हटले नाही. ज्याला काही सांगायचे आहे असे वाटे, त्याच्या बाकाशी मी जाऊन बसत असे, आणि थांबत असे. काही मुले बोलत, काही बोलत नसत. न बोलणाऱ्यांचे हात मी बघत असे. ते बहुधा बाकाखाली असत.

आता शेवटचे विचारते, आणि वही मिटते. त्या फाल्गुनात, त्या वर्गात, माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्ही हात वर केला असता का?